‘स्वस्तिक नाइट’ : फॅसिझमच्या कुंपणाआडची स्त्री
(व्याख्यानाचा मजकूर)



ऑर्वेलच्या ‘१९८४’चा गाजावाजा भांडवली वृत्तपत्रांनी एवढा केला, की तिच्या बारा वर्षे आधीच्या एका कादंबरीचा जवळजवळ विसरच पडला. ‘स्वस्तिक नाइट’ १९३७ साली लंडनच्या गोलान्झने मरे कॉन्स्टंटाईन या नावाने प्रसिद्ध केली. १९४० मध्ये लेफ्ट बुक क्लबने ती आपल्या सभासदांना दिली. ते पुरुषी नाव कॅथरिन बर्डेकिन या लेखिकेचे होते, हे १९८०च्या दशकात उघड झाले. लेखिका तर १९६३ मध्येच वारली होती.

हिटलरच्या विजयाला सात शतके लोटली आहेत. तो आता देव आहे, आणि देव स्त्रीच्या पोटी जन्मलाच नाही अशी धर्माज्ञा आहे. डोकी भादरलेल्या स्त्रिया कुंपणाआड गुरांसारख्या राहतात. मुलगा दीड वर्षाचा होताच आईपासून काढून घेतला जातो. पण मुली जन्मेनाशा झाल्या आहेत. प्रवचन करणाऱ्या सरदाराच्या तोंडून ‘सशक्त कन्या’ असे शब्द निसटतात आणि बायका चकित होतात. मुली हव्यात हे सत्तेला उघड बोलता येत नाही, कारण तसे बोलणे म्हणजे स्त्रीला मोल आहे अशी कबुली देणे होय. ज्या तुच्छतेवर ही सत्ता उभी आहे, तीच तिचा वंश खुंटवते!

ही निव्वळ कल्पना नव्हे. जून १९३३च्या नाझी कायद्याने नवविवाहितांना कर्ज देऊ केले ते पत्नीने नोकरी सोडावी या अटीवर. प्रत्येक अपत्यामागे कर्जाचा चौथा हिस्सा माफ. बेकारीचा प्रश्न असा स्त्रीच्या माथी मारून सोडवण्यात आला.

हिटलरच्या पाठीशी उभे राहिलेले मक्तेदार भांडवल मात्र कादंबरीत कुठेच नाही, हा तिचा मोठा दोष. दुसरा दोष अधिक सलतो : तिच्यातील स्त्रियांना जवळजवळ आवाजच नाही. वास्तवात ३० ऑगस्ट १९३२ रोजी पंचाहत्तर वर्षांच्या, आजारी क्लारा झेटकिननी राइशस्टागमध्येच फॅसिझमविरुद्ध संयुक्त आघाडीची हाक दिली आणि त्या आघाडीत लक्षावधी श्रमिक स्त्रिया असल्याच पाहिजेत असे बजावले. ‘स्त्रियांचा प्रश्न क्रांतीनंतर पाहू’ म्हणणाऱ्या कॉम्रेड्सनी ते भाषण मुळातून वाचावे.

कादंबरीचा नायक, इंग्रज कामगार आल्फ्रेड, सत्य इतिहासाचा एकमेव ग्रंथ मरताना मुलाच्या हवाली करतो. त्याची तान्ही मुलगी एडिथ कुंपणाआडच राहते. बापाने तिला एकदा उचलून घेतले होते, तेव्हा तिची आई भेदरून गेली होती.