जनगणनेतील न वाचलेला तक्ता

(कुटुंबप्रबोधनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



जनगणनेचा विषय निघाला की आपल्या मनात एक ठरावीक प्रश्न प्रथम उभा राहतो. २००१ च्या जनगणनेचे धर्मनिहाय आकडे सप्टेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हाही तोच उभा राहिला. १९५१ मध्ये देशाच्या लोकसंख्येत हिंदूंचे प्रमाण ८४.१ टक्के होते. ते २००१ मध्ये ८०.५ आणि २०११ मध्ये ७९.८ टक्के झाले. या आकड्यांवर वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरले, परिसंवाद झाले, आपल्या व्यासपीठांवरूनही पुष्कळ बोलले गेले. परंतु धर्मनिहाय आकड्यांत आणखी एक तक्ता होता आणि त्याच्याकडे आपण फारसे वळून पाहिले नाही. शून्य ते सहा वर्षांच्या बालकांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली किती, हे तो तक्ता सांगतो. मला आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

निसर्गाचा हिशेब असा आहे की, हजार मुलगे जन्मतात तेव्हा साधारण ९५० मुली जन्मतात. आपल्या देशात सहा वर्षांखालील बालकांमधील हे प्रमाण १९६१ साली ९७६ होते. १९८१ मध्ये ते ९६२ झाले, १९९१ मध्ये ९४५, २००१ मध्ये ९२७ आणि २०११ मध्ये ९१९. केवळ हिंदू समाजाचा आकडा पाहिला तर २००१ मध्ये तो ९२५ होता, २०११ मध्ये ९१३ झाला. प्रत्येक जनगणना मागच्या जनगणनेहून एक पायरी खाली उतरलेली आहे.

येथे एक फसगत होण्याचा संभव आहे. सर्व वयोगटांचे मिळून स्त्री-पुरुष प्रमाण पाहिले तर ते १९९१ मध्ये ९२७, २००१ मध्ये ९३३ आणि २०११ मध्ये ९४३ असे वाढताना दिसते. ते पाहून अनेकांनी समाधानाचा सुस्कारा टाकला. स्त्रियांचे आयुर्मान वाढले, हे त्या वाढीचे मोठे कारण आहे आणि ती आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु आजी अधिक वर्षे जगते आहे आणि नात जन्मालाच येत नाही, असा या दोन आकड्यांचा एकत्रित अर्थ आहे. २०११ मध्ये सहा वर्षांखालील मुलगे सुमारे ८ कोटी ५७ लाख होते आणि मुली सुमारे ७ कोटी ८७ लाख. निसर्गाचे प्रमाण धरून हिशेब केला तर या एका वयोगटात पंचवीस लाखांहून अधिक मुली कमी भरतात. त्यांना कोणत्याही परकीय आक्रमकाने नेलेले नाही. त्या आपल्याच घरांतून नाहीशा झाल्या आहेत.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. राज्याचा आकडा १९९१ मध्ये ९४६ होता. २००१ मध्ये तो ९१३ झाला आणि २०११ मध्ये ८९४. २००१ साली कोल्हापूर ८३९ वर आणि सांगली ८५१ वर होती. कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यावर समृद्ध झालेला, साखर कारखान्यांचा आणि शिक्षणसंस्थांचा हा प्रदेश. याउलट गडचिरोली जिल्ह्यात हे प्रमाण ९६० च्या घरात होते. संपूर्ण देशातही हेच चित्र दिसते. २०११ मध्ये ग्रामीण भागात ९२३ मुली होत्या, तर शहरांत ९०५; अनुसूचित जमातींमध्ये मात्र ९५७. ज्यांना आपण मागासलेले म्हणत आलो, त्या वनवासी बांधवांनी आपल्या मुली राखल्या. शिकलेल्या, मोटारीतून फिरणाऱ्या समाजाने त्या गमावल्या. दारिद्र्य आणि अज्ञान ही कारणे पुढे करून या प्रश्नातून सुटका करून घेता येणार नाही.

याहून मनाला लागणारी गोष्ट सांगतो. जिजाऊसाहेबांचा जन्म सिंदखेडराजाचा. हे गाव बुलढाणा जिल्ह्यात आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली चौंडीचा. हे गाव पूर्वीच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. २०११ च्या जनगणनेत या दोन्ही जिल्ह्यांतील प्रमाण ८६० च्याही खाली होते. शेजारचा बीड तर ८०७ वर घसरला होता. आपण जयंत्या करतो, पुतळे उभारतो, नवरात्रात कुमारिकांचे पूजन करतो. ज्या मातीने जिजाऊ आणि अहिल्या दिल्या, त्याच मातीत आज एखादी जिजाऊ जन्माला येणार असेल, तर तिला येऊ दिले जाईल का, असा प्रश्न जनगणनेने आपल्याला विचारला आहे.

कायदा नाही म्हणून हे घडले, असेही म्हणता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला, तो १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. तरीही आकडा घसरतच राहिला. सोनोग्राफीचे यंत्र निर्जीव आहे. ते मातेचे आणि गर्भाचे प्राण वाचविण्यासाठी बनले. त्याचे शस्त्र झाले ते तीन माणसांच्या संगनमताने : विचारणारा, सांगणारा आणि हे सारे ठाऊक असूनही गप्प बसणारा. यातला तिसरा अपराधी प्रत्येक गल्लीत आहे.

मूळ कोठे आहे? मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलेबी, येथे ते मूळ आहे. पहिल्या मुलीनंतर सुनेच्या पोटावर खिळणाऱ्या नजरांत ते आहे. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुशी’ नावाच्या सुमारे २८० मुलींना प्रशासनाने समारंभपूर्वक नवी नावे दिली. आईवडिलांनीच मुलीचे नाव नकोशी ठेवावे, यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? लग्नातील हुंडा आहे, मानपान आहे आणि अग्नी मुलानेच द्यावा हा आग्रहही आहे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. परंतु हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतली जाते आणि रक्षाबंधनाला साडी देऊन भाऊ मोकळा होतो. धर्माचे नाव घेऊन या रूढींचे समर्थन कोणी करू नये. रूढी बदलत आल्या आहेत. सती गेली, विधवांचे केशवपन गेले, तशी हीही गेली पाहिजे.

ही घसरण अटळ नाही. पंजाब २००१ मध्ये ७९८ वर होता, २०११ मध्ये ८४६ वर आला. हरियाणा ८१९ वरून ८३४ वर आला. आपले कोल्हापूरही त्या दशकात सावरू लागले. २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपत येथून ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ ही मोहीम सुरू झाली. परंतु शासनाची मोहीम जिल्ह्यापर्यंत पोहोचते. माजघरापर्यंत पोहोचावयाचे काम समाजाचे आहे, म्हणजे आपले आहे.

२०२१ ची जनगणना करोनाच्या साथीमुळे लांबली आणि पुढे १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन म्हणून जाहीर झाला. या जनगणनेत जातींचीही नोंद असल्याने चर्चेचा सारा झोत तिकडे जाईल आणि मुलींचा तक्ता पुन्हा न वाचलेला राहील, अशी मला भीती वाटते. म्हणून माझी विनंती अशी आहे की, सरकारी अहवालाची वाट पाहू नका. आपल्या गावच्या ग्रामपंचायतीतील जन्मनोंदी आणि अंगणवाडीतील पट पाहा. गेल्या पाच वर्षांत मुलगे किती आणि मुली किती, हे कागदावर मांडा आणि तो कागद गावासमोर वाचा. मुलीच्या बारशाला आवर्जून जा, पहिला पेढा तुम्ही वाटा. आपल्या परिचयातील डॉक्टरांशी स्पष्ट बोला. हुंड्याच्या लग्नाचे जेवण नाकारा. नातलग रुसतील, रुसू द्या.

समाजाचे संघटन माणसांनी होते आणि माणसे मातेच्या उदरातून जन्मतात. आपल्या समाजाच्या संख्येची ज्याला खरोखर चिंता आहे, त्याने शेजाऱ्याच्या पाळण्यात डोकावण्याआधी आपल्या घरातील रिकामा पाळणा पाहावा. तो कोणी रिकामा केला याचे उत्तर आपल्याजवळ आहे आणि तो भरण्याचे सामर्थ्यही आपल्याजवळच आहे.