अनवाणी पाऊल आणि मातीतला जंतू



मधुमेह म्हटला की आपल्या मनात साखर येते. आज आम्ही बोलणार आहोत ते पायाविषयी. काटा मोडला की पाय दुखतो, म्हणून आपण थांबतो आणि काटा काढतो. वेदना ही शरीराची पहारेकरी आहे. बरीच वर्षे रक्तात साखर वाढलेली राहिली की पाय बधिर होतात, रक्तपुरवठा मंदावतो, जंतूंशी झुंजणाऱ्या पेशीही दुबळ्या पडतात. पहारा झोपला, रसद तुटली, सैन्य थकले. मग दार उघडेच!

या दारातून बहुधा नेहमीचेच जंतू शिरतात. पण क्वचित एखादा अनोळखी येतो आणि ओळख पटेपर्यंत घात करतो. १९१२ साली रंगूनला व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी अशाच एका रोगाचे वर्णन केले. आज त्याला मेलिऑयडोसिस म्हणतात. त्याचा जंतू ओल्या मातीत व पाण्यात राहतो. पावसाळ्यात रुग्ण वाढतात; उडुपी-मंगळूरच्या किनाऱ्यावरही ते आढळतात, आणि त्यांत मधुमेही फार. जखमेतून किंवा श्वासावाटे तो शिरतो. फुप्फुसात क्षयाचे सोंग घेतो, हाडासांध्यांत पू धरतो, रक्तात पसरला तर प्राण घेतो.

पेनिसिलिन व जेंटामायसिन यांना तो सहसा दाद देत नाही. म्हणून अंदाजाने औषधे बदलीत बसण्यात दिवस जातात, आणि पाय वाचण्याची वेळ टळते. पू किंवा रक्त प्रयोगशाळेत वाढवून जंतू ओळखला, तर उपाय आहे: सेफ्टाझिडीम वा मेरोपेनेम शिरेतून निदान १० ते १४ दिवस, पुढे किमान ३ महिने गोळ्या. ताप उतरला म्हणून गोळ्या सोडल्या, तर रोग उलटतो.

पावसाळा आता दूर नाही. तेव्हा आमचे मागणे एवढेच. मधुमेह्याने चिखलात अनवाणी उतरू नये. रोज रात्री तळपाय पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांनी पाहावेत. जखमेवर हळद दाबून वाट पाहू नये. पाय सुजला, काळवंडला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि तेथे दोन गोष्टी न विसरता सांगाव्यात: मला मधुमेह आहे, आणि मी चिखलात उतरलो होतो. दुर्मिळ जंतूचा माग डॉक्टरांना पुष्कळदा या दोन वाक्यांतूनच लागतो.