हालोलचा कारखाना आणि आपली नववी-दहावीची मुले
(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, बँकेतले कारकून. आम्ही कारखान्याबद्दल काय बोलणार, असे कोणाला वाटेल. पण शैक्षणिक कर्जाचे अर्ज आमच्याच टेबलावर येतात. खासगी कॉलेजातून पदवी घेतलेल्या आपल्यातल्याच एका मुलाचे हप्ते थकले, तेव्हा त्याच्या वडिलांना जायची नोटीस आमच्याच हातून टाईप झाली.

हालोल बडोद्याहून चाळीसेक किलोमीटरवर. १९९६ साली तिथे जनरल मोटर्सच्या गाड्या बनू लागल्या, २०१७ साली ते काम बंद झाले. मग एमजी मोटरने कारखाना घेतला आणि २०१९ पासून तिथून पुन्हा गाड्या निघू लागल्या. कंपन्या अशा येतात-जातात, म्हणून एका कंपनीपुरते काम शिकून भागत नाही. मोजमाप आणि ड्रॉइंग मात्र कुठल्याही कारखान्यात चालते.

त्याची तयारी नववीतच होते. मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो; ज्याचे दशांश अपूर्णांक कच्चे, त्याला तो वाचता येत नाही. भूमिती नुसती पाठ केलेला मुलगा ड्रॉइंगपुढे अडतो. वेल्डिंग आता बरेचसे रोबो करतात, पण ते बिघडले की दुरुस्त करणारा माणूसच लागतो. शाळेत व्हर्नियर असतो, पण कपाटात, कुलपात!

दहावीनंतर आयटीआयचा फिटर दोन वर्षांत होतो, पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. तरी आयटीआय म्हटले की आपल्या घरांत नाक मुरडतात. दरबारी नोकरीची सवय, दुसरे काय! ज्या गायकवाडी राज्यात नोकरीला आपले पूर्वज आले, तिथेच सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले होते, हातात हत्यार देणारे शिक्षण म्हणून. आपण मात्र लेखणीच धरून बसलो. आम्हीही त्यातलेच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षण सांगितले आहे. मते मागायला येणाऱ्यांकडे आपण सभागृह मागतो, रस्ता मागतो. या वेळी विचारावे, आमच्या मुलांच्या शाळेत नववीला ऑटोमोटिव्ह विषय कधी सुरू होणार आणि शिकवणारा कोण?

शिक्षणाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा बाहेर टेबलावर ठेवला आहे. सही करताना शेजारी मुलाची किंवा मुलीची इयत्ता जरूर लिहावी.