गाणं तिचं, वही कंपनीची

(गटाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचं वळण तसंच ठेवलं आहे.)



बाईच्या श्रमाचं मोल हा आजचा विषय. घरकाम, शेतमजुरी, अंगणवाडी यांवर आपण इथे पुष्कळ बोललो आहोत, पुढेही बोलू. मी आज एका गाणाऱ्या बाईबद्दल बोलणार आहे. बाई अमेरिकेतली, काळी, आणि एके काळी अतिशय लोकप्रिय. नाव रूथ ब्राऊन. विषय सोडून हे काय काढलं, असं काहीजणींना वाटेल. पण गाणं हेही काम आहे, हे आपल्यालासुद्धा चटकन पटत नाही. गळा देवाने दिला, तिने नुसतं तोंड उघडलं, असं आपण म्हणतो. स्वयंपाकाबद्दल पुरुष जे म्हणतात तेच हे. म्हणून तिची गोष्ट सांगते.

रूथचा जन्म १२ जानेवारी १९२८ चा, व्हर्जिनिया राज्यातल्या पोर्ट्‌समथ या बंदराच्या गावचा. सात भावंडांत ही थोरली. वडील गोदीत हमाली करायचे आणि चर्चमध्ये गायकवृंद सांभाळायचे. उन्हाळ्यात पोरं आजीच्या शेतावर कापूस वेचायला जात. देवाचं सोडून दुसरं गाणं गायचं नाही, असा वडिलांचा दंडक होता. ही तालमीला जाते असं सांगून सैनिकांच्या क्लबात गाऊन यायची. सतराव्या वर्षी एका ट्रम्पेटवाल्याबरोबर घरातून पळाली, लग्न केलं. त्याचं आधीच एक लग्न झालेलं होतं हे नंतर उघड झालं. नवरा गेला, आडनाव राहिलं, कारण तोवर लोक तिला ब्राऊन म्हणूनच ओळखू लागले होते.

१९४८ मध्ये लकी मिलिंडर या नावाजलेल्या वाद्यवृंदवाल्याने तिला घेतलं आणि महिन्याभरात वॉशिंग्टनमध्ये काढून टाकलं. निमित्त काय, तर वादकांना तिने प्यायला आणून दिलं. परक्या शहरात, खिशात पैसे नाहीत. अशा वेळी तिला हात दिला तो ब्लँश कॅलोवे या बाईने. या ब्लँशचं नाव लक्षात ठेवा. १९३० च्या दशकात सगळे पुरुष असलेला वाद्यवृंद तिने स्वतः चालवला होता. तिचा भाऊ कॅब कॅलोवे जगप्रसिद्ध झाला, हिचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. तिने रूथला आपल्या क्लबात काम दिलं आणि तिची व्यवस्थापक झाली. तिथे तिचं गाणं ऐकलेल्या एका रेडिओ निवेदकाने न्यूयॉर्कच्या एका नव्या कंपनीला तिचं नाव सुचवलं. कंपनी होती अ‍ॅटलांटिक रेकॉर्ड्स, १९४७ साली आहमेत एर्तेगुन आणि हर्ब अब्रॅमसन यांनी काढलेली.

न्यूयॉर्कला जाताना वाटेत पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टरजवळ मोटारीला भीषण अपघात झाला. रूथच्या पायांचा चुराडा झाला. कित्येक महिने ती इस्पितळात होती, आणि पायांचं दुखणं जन्मभर राहिलं. करारावर तिची सही झाली ती इस्पितळातल्या खाटेवर, एकविसाव्या वाढदिवसाला. एर्तेगुनने येताना तिच्यासाठी संगीतलिपी शिकण्याचं पुस्तक आणलं होतं. किती छान, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. तो माणूस वाईट होता असं मला म्हणायचंच नाही. पण हे चित्र जरा डोळ्यांसमोर ठेवा. पाय मोडलेली, परगावी पडलेली एकवीस वर्षांची मुलगी, आणि शेजारी कराराचा कागद. अशा वेळी कोण कलमं वाचतं?

१९४९ च्या मे महिन्यात कुबड्यांवर उभं राहून तिने पहिली रेकॉर्ड भरली. १९५० चं ‘टिअरड्रॉप्स फ्रॉम माय आईज’ अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्या दशकात तिची पाच गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. हे क्रमांक काळ्यांच्या गाण्यांच्या वेगळ्या यादीतले बरं का! ‘बिलबोर्ड’ हे तिथलं धंद्याचं साप्ताहिक १९४९ पर्यंत या यादीला सरळ ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणायचं, म्हणजे वंशाच्या रेकॉर्डी. मग नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केलं. यादी वेगळीच राहिली. दक्षिणेत ती गायला जायची तेव्हा सभागृहात दोर बांधून काळे-गोरे वेगळे केलेले असत. गाणं दोन्हीकडचे ऐकत.

अ‍ॅटलांटिक ही छोटी कंपनी तिच्या गाण्यांवर उभी राहिली. धंद्यातले लोक तिला ‘रूथने बांधलेलं घर’ म्हणत. हे घर कुणाच्या नावावर होतं ते वेगळं सांगायला नको.

आता पैशाची गोष्ट. ती जरा सावकाश सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे.

करारात लिहिलेलं असायचं की विकलेल्या रेकॉर्डीवर इतके टक्के रॉयल्टी गाणाऱ्याला मिळेल. पण आधी रेकॉर्ड भरण्याचा खर्च वजा. स्टुडिओचं भाडं, वादकांची मजुरी, संगीत बांधून देणाऱ्याचे पैसे, सगळं गाणारीच्या खात्यावर नावे. गाताना हातात पडलेली रक्कम, तीसुद्धा पुढच्या रॉयल्टीतून कापायची. एक खर्च फिटेपर्यंत दुसरं गाणं भरायची वेळ आलेली असायची. खर्च गाणारीचा, पण तयार झालेली रेकॉर्ड मात्र कंपनीच्या मालकीची. आणि किती खपल्या, किती खर्च झाला, हे लिहायची वही कंपनीच्या कपाटात.

आपल्यातल्या ज्या ऊसतोडीच्या बायांबरोबर काम करतात त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. ही उचलच आहे. फडावर कोयता कितीही चालवला तरी मुकादमाच्या वहीत उचल फिटलेली नसते, आणि वही कधी बाईच्या हातात येत नाही. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत मुकादम नव्हता, टाय लावलेला हिशेबनीस होता, एवढाच काय तो फरक.

गाणारे गप्प कसे बसले? एक तर रोजची कमाई कार्यक्रमांतून व्हायची, रेकॉर्ड ही जाहिरातच असं त्यांना सांगितलं जाई. दुसरं म्हणजे या धंद्यात हिशेबाऐवजी भेटी देण्याची रीत होती. अडीअडचणीला चार पैसे, कुणाला नवी मोटार. मालक घरच्यासारखा वागतो, मग त्याच्याकडे वही मागायची कशी? घरकामगार बायका हे नेहमी सांगतात. दिवाळीला साडी देणाऱ्या बाईकडे पगारवाढ मागायला जीभ रेटत नाही.

त्यात आणखी एक. काळ्या गायिकेचं गाणं गाजलं की काही आठवड्यांत एखादी गोरी गायिका तेच गाणं भरायची, आणि गोऱ्यांच्या रेडिओ केंद्रांवर ते वाजायचं. रूथचं १९५४ चं ‘व्हॉट अ ड्रीम’ पॅटी पेजने गायलं. कायद्याने यात चोरी नव्हती. गीतकार-संगीतकाराला त्याचा वाटा मिळे, पण गाणं पहिल्यांदा घडवणारीला काही नाही. रेडिओवर तिचीच रेकॉर्ड वाजली तरी तिला पैसे देण्याचं बंधन तिथल्या कायद्यात नव्हतं. तिच्याच कंपनीतली लाव्हर्न बेकर हिच्या ‘ट्वीडल डी’ची नक्कल १९५५ मध्ये जॉर्जिया गिब्जने केली, ती वळणावळणांसकट. लाव्हर्नने चार्ल्स डिग्ज या काळ्या खासदाराला पत्र लिहून कायद्यात दुरुस्ती मागितली. झालं काहीच नाही. पण १९५५ साली एका काळ्या बाईने, गाण्यातली माझी वळणं ही माझी कमाई आहे, अशी मागणी कायदेमंडळाच्या दारात नेली, हे आपल्या चळवळीच्या इतिहासात लिहिण्यासारखं आहे.

१९६१ मध्ये रूथ अ‍ॅटलांटिकमधून बाहेर पडली. लोकांची आवड बदलली होती. पदरी दोन मुलगे. लग्नं टिकली नाहीत, आणि मार खाल्ल्याचंही तिने १९९६ च्या आत्मचरित्रात लपवलेलं नाही. लाँग आयलंडवर राहून तिने लोकांच्या घरी धुणी-भांडी-लादी केली, शाळेची बस चालवली, गरीब मुलांसाठी सरकारने काढलेल्या बालवाडीसारख्या केंद्रात मदतनीस म्हणून राबली. हा तिच्या ‘पडत्या काळाचा’ भाग म्हणून लिहिणारे हळहळतात. मला तसं हळहळावंसं वाटत नाही. या कामांचा पगार तिला ठरल्या दिवशी मिळत होता. जे काम जगाने डोक्यावर घेतलं त्याचाच मिळत नव्हता, आणि तिच्या रेकॉर्डी तर परदेशातसुद्धा नव्याने निघून विकल्या जात होत्या.

पुढे विनोदी नट रेड फॉक्स याने १९७० च्या दशकात तिला पुन्हा रंगमंचावर आणलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉवेल बेगल नावाचा वॉशिंग्टनचा वकील कार्यक्रमानंतर तिला भेटला. लहानपणापासून तिचा चाहता. महाग किमतीला घेतलेल्या जुन्या रेकॉर्डीवर त्याला तिची सही हवी होती. बोलता बोलता त्याला कळलं की यातला पैसाही तिला मिळत नाही. कंपनीचं म्हणणं, खर्च अजून वसूल झालेला नाही, उलट तीच देणं लागते. वीस-पंचवीस वर्षांनंतरही!

बेगलने फी न घेता हे काम अंगावर घेतलं. ही गोष्ट बहुधा ‘भल्या वकिलाची गोष्ट’ म्हणून सांगतात. वकील भला होताच. पण कोर्टाची वाट जवळजवळ बंद होती, कारण दाव्याची मुदत केव्हाच उलटली होती. मग उरलं काय? तोंड. रूथने ते चालवलं. मुलाखतींत बोलली, अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर साक्ष दिली, काळ्या खासदारांना आणि जेसी जॅक्सन यांना बरोबर घेतलं. आणि मुख्य म्हणजे ती एकटीपुरतं मागत बसली नाही. जो टर्नर, सॅम मूर, लाव्हर्न बेकर, जुन्या गायकगटांतले लोक, अशी नावं जोडली गेली. जो टर्नर १९८५ मध्ये वारला, निकाल बघायला राहिला नाही.

१९८८ च्या मे महिन्यात अ‍ॅटलांटिकने चाळीस वर्षांचा सोहळा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ठेवला होता. सोहळा तोंडावर आला तेव्हा कंपनी नमली. जुन्या गायकांच्या खात्यावरची न फिटलेली बाकी माफ केली, १९७० पासूनची रॉयल्टी पुन्हा मोजायचं मान्य केलं, आणि म्हाताऱ्या, आजारी कलावंतांना मदत करण्यासाठी ‘ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन’ला पैसे दिले. त्या सोहळ्यासाठी लाव्हर्न फिलिपाइन्सहून आली. अमेरिकन नौदलाच्या सुबिक बे तळावरच्या क्लबाचं काम ती वीसएक वर्षं तिथे सांभाळत होती.

हा विजय होता का? टाळ्या वाजवायच्या आधी तारखा बघा. हिशेब १९७० पासूनचा. रूथची गाजलेली गाणी १९४९ ते १९६० मधली. म्हणजे खरा पैसा जेव्हा आला त्या वर्षांच्या वह्या उघडल्याच नाहीत. शिवाय ‘बाकी माफ’ हा शब्द मला खटकतो. जी बाकी मुळात तिची नव्हतीच ती माफ कसली करता? तरीही मी याला विजय म्हणते. तोपर्यंत जे उपकार म्हणून मिळायचं ते पहिल्यांदा हिशेब म्हणून मिळालं, आणि अनेकांना एकदम मिळालं. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर चर्चेत जरूर मांडा. आमच्या गटातही यावर बरंच भांडण झालं आहे.

रूथला पुढे मान खूप मिळाले. १९८९ मध्ये ‘ब्लॅक अँड ब्लू’ या ब्रॉडवेच्या नाटकासाठी टोनी पुरस्कार, मग ग्रॅमी, १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम. ‘ब्लॅक अँड ब्लू’मधली तिची जागा नंतर लाव्हर्ननेच घेतली. रूथ १७ नोव्हेंबर २००६ ला गेली. एर्तेगुनही त्यानंतर महिन्याभराच्या आतच, १४ डिसेंबरला गेला. शेवटपर्यंत ती त्याच्याबद्दल कडवटपणे बोलली नाही. यावरही आमच्यात भांडण आहे.

आता तिचं १९५३ चं गाणं लावते, ‘मामा, ही ट्रीट्स युवर डॉटर मीन’. नवरा वाईट वागवतो अशी मुलगी आईपाशी तक्रार करते आहे. तिला स्वतःला हे गाणं आधी आवडलं नव्हतं. सुरुवातीला खंजिरी ऐकू येईल. तीन मिनिटांचं आहे, मग चहा घेऊ आणि बोलू.