१८ हजारांत एमटीबी: पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

सुरुवातीलाच एक विनंती. सायकल चालवताना हा एपिसोड ऐकत असाल तर इअरफोन काढा. घरी जाऊन ऐका, मी कुठे पळून जात नाही.

आज तो प्रश्न घेऊ, जो मला मेसेजमध्ये सगळ्यात जास्त येतो. "दादा, पंधरा-अठरा हजारांत कुठली एमटीबी घेऊ?" विचारणारे बहुतेक कॉलेजचे किंवा पहिल्या पगाराचे. म्हणजे हे पैसे पुन्हा लगेच जमणारे नाहीत. म्हणून मी मॉडेलचं नाव सांगणार नाही, कारण मॉडेलं दर वर्षी बदलतात. दुकानात उभं राहून काय बघायचं, ते सांगतो.

आधी सायकलवरची स्टिकरं वाचू. "२१ गिअर." हे २१ म्हणजे पुढे ३ चकत्या आणि मागे ७. यातले बरेच गिअर एकमेकांच्या इतके जवळ असतात की पायाला फरक कळतही नाही. खरा प्रश्न असा, की सगळ्यात हलका गिअर किती हलका? पुढची छोटी चकती २४ दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी २८ ची असेल, तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक साधारण ०.८६ फेरी फिरतं. मागे ३४ ची असेल तर ०.७१. म्हणजे तोच चढ जवळपास १८ टक्के हलका. सिंहगडाच्या घाटात तुम्ही सीटवर बसून चढणार की उतरून ढकलणार, हे या एका आकड्यावर ठरू शकतं. २१ वर नाही.

दुसरं स्टिकर, "ड्युअल सस्पेन्शन". या बजेटमध्ये मागे स्प्रिंग असलेली सायकल घेऊच नका. चांगलं मागचं सस्पेन्शन महाग असतं. स्वस्तात मिळते ती नुसती स्प्रिंग आणि जास्तीचं वजन. चढावर तुमच्या पायातली ताकद ती स्प्रिंगच खाते. वर तिथले सांधे काही महिन्यांत खडखडायला लागतात. पुढे साधा फोर्क, मागे काही नाही, हीच आपली सायकल.

आता महत्त्वाचं. सायकलचे काही भाग नंतर बदलता येतात, काही नाही. दुकानात न बदलता येणाऱ्या गोष्टी आधी तपासा.

एक, फ्रेमचं माप. चप्पल वाढत्या मापाची घेतात, तशी सायकल घेऊ नका. सायकल दोन पायांमध्ये घेऊन, दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून उभे राहा. वरची नळी आणि तुमच्यामध्ये किमान २ इंच मोकळी जागा हवी. मग सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. सीट वर-खाली करून हे जमतं. पण हँडल लांब वाटतंय, पाठ ताणली जातेय, तर माप चुकलंय.

दोन, मागच्या चाकात फ्रीव्हील आहे की कॅसेट, हे दुकानदाराला सरळ विचारा. ७ स्पीडला बहुतेक वेळा फ्रीव्हील असतं. त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग आत सरकलेलं असतं, त्यामुळे अ‍ॅक्सलचं टोक आधाराशिवाय बाहेर राहतं. दणके बसले की अ‍ॅक्सल वाकतो. कॅसेटवाल्या हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असतं, म्हणून तो जास्त टिकतो. शिवाय पुढे ८ किंवा ९ स्पीडवर जायचा रस्ता मोकळा राहतो. दोन सायकली एकाच किमतीच्या असतील आणि एकीत कॅसेट असेल, तर तीच घ्या. तिचा रंग आवडला नाही तरी.

तीन, डिस्क ब्रेक बसवायची सोय. फ्रेम, फोर्क आणि दोन्ही हब, सगळीकडे ती लागते. ती नसेल तर नंतर हौस म्हणून डिस्क लावता येत नाही.

मग १८ हजारांची वाटणी कशी करायची? माझं मत, सायकल १४-१५ हजारांची बघा. उरलेल्यात हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, पंप आणि एक जादा ट्यूब. आणि थोडे पैसे पहिल्या अपग्रेडसाठी बाजूला.

पहिलं अपग्रेड कुठलं? फोर्क नाही, गिअर नाही. ब्रेक.

या बजेटमध्ये बहुतेक वेळा तारेवर चालणारे डिस्क ब्रेक येतात. त्यात साधारणपणे एकच पॅड हलतो, तो डिस्कला दाबून दुसऱ्या पॅडवर टेकवतो. पॅड झिजले की ते अंतर हाताने जुळवावं लागतं. नाही जुळवलं तर लिव्हर हँडलपर्यंत येतो आणि सायकल मात्र थांबत नाही. पावसाळ्यात तारेच्या आवरणात चिखल जातो, मग लिव्हर जड होतो. घाटाच्या उतारावर, पुढे वळण आणि समोरून एसटी, तेव्हा हे कळून उपयोग नाही.

यावर थोडक्या पैशांत इलाज आहे. चांगले पॅड, नवी तार, नवं आवरण, आणि नीट सेटिंग. नवे पॅड लावल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घ्या आणि चाक जाम न करता वेग कमी करा. असं १५-२० वेळा. त्यानंतरच ब्रेक खरी पकड घेतो. डिस्कवर तेल किंवा स्प्रे उडू देऊ नका. एकदा पॅडने तेल प्यायलं की बहुतेक वेळा ते बदलावेच लागतात. पुढे पैसे जमले की हायड्रॉलिक ब्रेक घ्या. त्यात दोन्ही पॅड हलतात आणि झीज आपोआप भरून निघते.

दुसरं अपग्रेड टायर. जमिनीला लागतो तो एवढाच भाग. आणि बदलायच्या आधी हवा तपासा, ती फुकट आहे. तुमचं वजन ६०-६५ किलो असेल, तर सव्वादोन इंची ट्यूबवाल्या टायरला मातीवर ३० ते ३५ पीएसआय पुरते. डांबरावर थोडी जास्त. टायरच्या कडेला मर्यादा छापलेली असते, ती ओलांडू नका. फार कमी ठेवली तर दगडावर ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. टेकडीवर बाभळीचे काटे आहेत, त्यामुळे ट्यूबमध्ये सीलंट घाला. मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असेल तर आतली पिन काढून ते घालता येतं.

तिसरं, चढ जड जात असेल तर १४-३४ चं फ्रीव्हील. मात्र मागचा डिरेलर ३४ दाते पेलतो का, ते आधी विचारा. काही फक्त २८ पर्यंतच चालतात. चेनही थोडी लांब लागू शकते.

आणि चेन पट्टीने मोजत राहा. एका पिनेपासून पुढची २४ वी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. १/१६ इंच वाढली की चेन बदला. १/८ पर्यंत थांबलात तर बहुधा मागच्या चकत्याही गेल्या.

आता थांबायचं कुठे? १५ हजारांच्या सायकलला दहा-बारा हजारांचा एअर फोर्क लावू नका. एक तर वरची नळी जुळेलच असं नाही. काही फोर्कची ती नळी सरळ असते, काहींची खाली रुंद होत जाते. जुळली तरी चाकं, हब आणि फ्रेम तीच. त्या पैशांत थोडी भर घालून पुढची सायकल येते. तोपर्यंत हीच चालवा. चढ चढून पाय तयार होतात, आणि ते पुढच्या सायकलवरही तुमच्याबरोबर येतात.

दुकानात कुठली सायकल बघून आलात, तिच्या मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दाते मोजून मला मेसेज करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. हेल्मेट विसरू नका!