कंडी का पिकते?



वसंतातल्या व्याख्यानाला साहित्य, संगीत असा काही प्रसन्न विषय घ्यावा आणि उकाड्याने त्रासलेल्या श्रोत्यांना थोडा गारवा द्यावा, अशी रीत आहे. आम्ही मात्र विषय आणला आहे तो कंड्यांचा. त्यातही ‘यामागे कोणाचे तरी कारस्थान आहे’ अशा जातीच्या कंड्यांचा. विषय ऐकून चिटणीस म्हणाले, “मग आज हशा पुष्कळ पिकेल.” पिकेलही. पण आरंभ हसण्यासारख्या गोष्टीने करणे आम्हाला शक्य नाही.

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे एक गाव आहे. १ जुलै २०१८ हा तेथला बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी त्या दिवशी तेथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात फोनवरून हिंडत होतेच. जमावाने या पाचजणांना ती टोळी ठरवले, ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि मरेस्तोवर मारले. पाचहीजण गेले. मारणारे मुळातच क्रूर होते असे म्हणून हे प्रकरण मिटवता आले असते तर बरे झाले असते. पण त्यांपैकी पुष्कळांना त्या वेळी आपण आपली लेकरे वाचवतो आहोत असेच वाटत असले पाहिजे. आम्हाला धास्ती वाटते ती याची.

मनुष्य अशा गोष्टीवर विश्वास का ठेवतो, हे आजच्या धुळीत नीट दिसत नाही. कारण आपण सगळेच त्या धुळीत उभे आहोत. म्हणून आम्ही आपल्याला सव्वाशे वर्षांमागच्या मुंबईत नेणार आहोत. तेथे कंडी जन्मलेली, वाढलेली आणि ओसरलेलीही आपल्याला पाहता येते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव दिले. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. पुढच्याच महिन्यात पालिकेच्या आयुक्तांनी हुकूम काढला की, रोगी सापडला की त्याला इस्पितळात न्यावे, घरच्यांची संमती असो वा नसो. घरांवर छापे पडू लागले. सामान जाळले जाऊ लागले. भिंतींना चुना आणि जमिनीला औषधी पाणी यांचा नुसता पाऊस सुरू झाला. आणि मग कंडी उठली : आर्थर रोडच्या इस्पितळात माणसांना उलटे टांगतात आणि त्यांच्या शरीरातून मोमियाई काढतात. मोमियाई म्हणजे माणसाच्या देहातून काढलेले एक सर्वरोगहारक द्रव्य, अशी तेव्हा सर्वत्र समजूत होती. त्याच सुमारास मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. तेवढ्यावरून दुसरी कंडी निघाली की, राणी कोपली आहे आणि तिने माणसांची काळजे मागितली आहेत. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणीकामगारांनी त्या इस्पितळावर हल्ला केला.

आता आपण या कामगारांना हसू शकतो. इंग्रजी अधिकारी हसलेच. आपल्याकडच्या शहाण्यासुरत्यांपैकीही काहीजण हसले असतील. पण क्षणभर त्या कामगाराच्या चाळीत उभे राहून पाहा. त्याच्या डोळ्यांसमोर शेजारचा तरुण मुलगा नेला. तो परत आला नाही. त्यानंतर समोरची बाई नेली, तीही परत आली नाही. प्लेगची गाठ आल्यावर बहुतेक रोगी दगावत असत, आणि लोक भीतीने रोगी लपवत असल्यामुळे इस्पितळात जाई तो अगदी शेवटच्या अवस्थेत. म्हणजे, ‘जो आत जातो तो मरतो’ हे त्या कामगाराचे निरीक्षण अगदी अचूक होते! चुकला तो फक्त कारण लावण्यात. आत काय चालते हे त्याला कोणी दाखवले नव्हते, सांगितले नव्हते, आणि विचारण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. बंद दाराआड काय असेल याची कल्पना करताना माणूस आपल्या आजीने सांगितलेल्या गोष्टींचाच माल वापरतो. त्याच्याजवळ मोमियाई होती. ती त्याने वापरली.

आणि सरकारजवळ तरी काय होते? रोगाचे जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिन यांनी शोधले होते, हे खरे. पण ते जंतू माणसात येतात कसे, हे सरकारलाही ठाऊक नव्हते. उंदराच्या अंगावरील पिसू हा त्याचा मार्ग आहे, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. आणि विद्वानांनी ते मनापासून मान्य करायला आणखी सात-आठ वर्षे घेतली. तोवर मोठ्या आत्मविश्वासाने जे घासणे, धुणे, जाळणे चालले होते, त्याचे लक्ष्य पिसू हे नव्हतेच. ‘आम्हाला अजून नीट कळलेले नाही’ हे वाक्य त्या काळच्या कोणत्याही जाहीरनाम्यात सापडणे कठीण. सरकारला ते वाक्य कधीच साधत नाही. प्राध्यापकांनाही क्वचितच साधते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या रोगाने हिंदुस्थानात पुढल्या काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे मारली. एवढा संहार, आणि त्याचे कारण काय, तर पिसू! मनाला हे पटत नाही. जेवढे संकट मोठे तेवढा त्यामागचा हात मोठा असला पाहिजे, असे मन हट्टाने म्हणते. शिवाय पिसवेवर रागावता येत नाही. तिला जाब विचारता येत नाही. राणीवर, डॉक्टरवर, परक्या भिक्षेकऱ्यावर रागावता येते. कारस्थानाची कल्पना भयंकर असली तरी तिच्यात एक दिलासा असतो : जग आंधळे नाही, कोणीतरी ते चालवते आहे, आणि तो कोण हे मला कळले आहे.

कोणी म्हणेल, हे अडाण्यांचे झाले. आता पुण्याची कथा ऐका. १८९७ च्या आरंभी पुण्यास प्लेग आला, रँडसाहेबांच्या हाती अधिकार आला आणि गोरे सोजीर घराघरांत, स्वयंपाकघरांत, देवघरांत शिरले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. राज्यकर्ते काही गिरणीकामगार नव्हते. विद्यापीठांत शिकलेले, कायदा जाणणारे, पुराव्यावाचून बोलू नये असे आपल्याला शिकवणारे ते लोक. त्यांनी काय केले? सगळ्या पुण्याचे, विशेषतः पुण्यातील ब्राह्मणांचे, एक विशाल कारस्थान आहे अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली. नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या कायद्याखाली खटल्यावाचून स्थानबद्ध केले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून अठरा महिन्यांची शिक्षा दिली. शहरावर जादा पोलीस बसवले. आणि शेवटी निघाले काय? दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर हे भाऊ आणि त्यांचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सोबती. आपल्या सोजिरांच्या वर्तनाने साध्या माणसांची डोकी भडकली असतील, हे राज्यकर्त्यांना मान्य करायचे नव्हते. म्हणून त्यांनाही एका गुप्त हाताची गरज पडली. कामगाराची मोमियाई आणि साहेबाचे पुणेरी कारस्थान या आमच्या मते सख्ख्या बहिणी आहेत. फरक इतकाच की, दुसरीच्या हाती तुरुंगाच्या किल्ल्या होत्या.

आणि स्वतःला वगळून बोलणे बरे नव्हे. एका मासिकाला आम्ही पाठवलेल्या तीन लेखांची पोचसुद्धा आली नव्हती. त्या मासिकात विशिष्ट कंपूचाच शिरकाव होतो, आमच्या एका जुन्या परीक्षणाचा सूड उगवला जात आहे, संपादकांचे मेहुणे यात आहेत, असा सिद्धान्त आम्ही रचला होता. तो इतका सुसंगत होता की ऐकणाऱ्या स्नेह्यांना चटकन पटे. पुढे कळले की मासिकाची कचेरी दुसऱ्या जागी गेली होती आणि आम्ही तिन्ही वेळा जुनाच पत्ता घातला होता. खरे सांगायचे तर, ते कळल्यावर आम्हाला आनंद झाला नाही. थोडे ओकेबोकेच वाटले.

मग कारस्थाने नसतातच काय? असतात. चापेकरांचा कट खराच होता. परंतु त्याची ठेवण पाहा. माणसे थोडी, उद्देश एक, आणि तरीही काही महिन्यांत द्रविड बंधूंकडून बातमी पोलिसांपर्यंत पोचली. खरी गुपिते फुटतात. कारण माणसे बोलतात, भांडतात, पैशाला भुलतात. कल्पनेतले कारस्थान मात्र हजारो माणसांचे असते आणि तरी त्यातील एकही कधी फुटत नाही. पुरावा सापडला तर ते सिद्ध होते, आणि न सापडला तर ‘पाहा, कसा दडवला!’ म्हणून अधिकच सिद्ध होते. ज्या समजुतीला खोटे ठरवील असा कोणताच पुरावा जगात असू शकत नाही, तिच्याकडे सावधपणे पाहावे. ‘काय दिसले तर तुझे मत बदलेल?’ हा प्रश्न दुसऱ्याला जरूर विचारावा. आधी स्वतःला विचारावा.

आता कंडी ओसरली कशी, ते पाहू. दंडुक्याने ती ओसरली नाही. दंडुका हाच तिचा पुरावा होता. इस्पितळावरील हल्ल्यानंतर मुंबईत सक्ती काहीशी सैल करावी लागली. १८९७ मध्ये निरनिराळ्या जातिजमातींनी आपापली इस्पितळे उघडली. आता जात पाहून इस्पितळ काढणे आम्हाला मुळीच रुचत नाही. तथापि रोग्याच्या उशाशी आपले माणूस बसलेले आहे आणि आत काय चालते ते उद्या बाहेर येऊन सांगणार आहे, एवढ्याने मोमियाईचे बळ कमी झाले, ही गोष्ट नाकारता येत नाही.

लसीचीही तीच कथा. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. तरी लोक बिचकतच. तेव्हा आगाखान, जेमतेम विशीचे, आपल्या अनुयायांसमोर आले आणि त्यांनी सर्वांदेखत लस टोचून घेतली. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. त्यांनी आकडे सांगितले नाहीत. ज्या दंडाकडे लोक श्रद्धेने पाहत होते तो त्यांनी पुढे केला.

याच्या उलट कसे वागू नये याचाही धडा याच इतिहासात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. ही कंडी नव्हे, घडलेली गोष्ट. बाटलीचे बूच उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करता वापरला, असे पुढे दिसून आले. दोष मात्र हाफकिन यांच्या माथी बसला, त्यांना कामावरून दूर केले, आणि त्यांची निर्दोषता मान्य व्हायला १९०७ साल उजाडावे लागले. आज मुंबईतील ती संस्था त्यांचेच नाव मिरवते, ही गोष्ट निराळी. ज्या गावात एकोणीस प्रेते उठली, त्याला पहिल्याच महिन्यात ‘अमुक चूक झाली, अमुक कारणाने झाली, पुढे अशी काळजी घेऊ’ असे स्वच्छ सांगितले गेले असते, तर कंड्या पिकवणाऱ्यांच्या हाती फार थोडे उरले असते.

आम्हाला हे सगळे इतिहासातून ठाऊक होते. तरी २०२१ मध्ये आमच्या मावशीपुढे आम्ही हरलो. ती आपल्या गावी एकटी राहते. करोनाची लस घेतलेला माणूस दोन वर्षांत मरतो, असा संदेश तिला कोणी वाचून दाखवला होता. आम्ही आधी हसलो. मग वर्तमानपत्रांतली कात्रणे नेली. मग आवाज चढवला. ती म्हणाली, “तू शिकलेला आहेस. तुला ते सांगतात ते खरं वाटतं, मला हे खरं वाटतं.” यावर काय बोलावे? आम्ही कात्रणे गोळा करून परतलो.

आठ दिवसांनी गावातल्या आशाताई तिच्या ओसरीवर येऊन बसल्या. मावशी चिंचा फोडत होती. त्याही फोडू लागल्या. लसीचे नावच काढले नाही. तासाभराने मावशी आपण होऊन बोलली. आदल्या वर्षी तिच्या भावाला, म्हणजे आमच्या मामांना, इस्पितळात नेले होते. ते तेथेच गेले. प्रेत परस्पर नेले. घरच्यांना तोंडसुद्धा पाहू दिले नाही. “आत काय केलं त्याचं, कुणाला ठाऊक?” ती म्हणाली. हे वाक्य आम्हाला पुढे कळले तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. आम्ही दोन तास तिच्याशी वाद घातला होता, पण तिचे भांडण लसीशी नव्हतेच.

आशाताईंनी तिला खोडून काढले नाही. त्या म्हणाल्या, “मावशी, ते वाईटच झालं. तुम्हाला लांबून का होईना, दाखवायला हवं होतं.” मग काही वेळ दोघी गप्प बसल्या. निघताना मावशीने विचारले, “तू तिथं असशील का? की दुसरंच कुणी टोचतं?” “मी शेजारी बसेन,” त्या म्हणाल्या, आणि बसल्या.

त्या संध्याकाळी मावशीचा आम्हाला फोन आला. “दंड दुखतोय. अजून आहे मी. पण दोन वर्षं होऊ देत, मग बघू.” तिने भिंतीवरच्या पंचांगावर तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढला होता, आणि पुढल्या पंचांगांवर तो नेमाने उतरवीत गेली. २०२३ मध्ये तो दिवस आला तेव्हा सकाळीच पुन्हा फोन आला. आम्हाला वाटले, आता आमच्या कात्रणांची आठवण निघणार. पण ती एवढेच म्हणाली, “अरे, त्या आशाबाईची बदली झाली म्हणतात. तिचा नंबर आहे का तुझ्याकडे? तिला कळवायचंय.”