गोळी सोडायची, पण डॉक्टरांना विचारून



आजचा विषय आपल्यात उघडपणे बोलला जात नाही. मावळात कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर एखादी पट्टी असते. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, नाहीतर अल्प्राझोलाम. घेणारा ती पाहुण्यांपासून लपवतो. बरे वाटू लागले की त्याला वाटते, आता कशाला? डॉक्टर पुण्याला, लोणावळ्याहून लोकलने जाऊन येण्यात दिवस मोडतो, रोज बुडतो. मग एके दिवशी गोळी बंद!

दोन-चार दिवसांत चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते, झोप उडते, चिडचिड वाढते. घरचे म्हणतात, आजार उलटला. पुष्कळदा तो आजार नसतो, औषध एकदम काढल्याचा परिणाम असतो. आजार परततो तो बहुधा सावकाश, काही आठवड्यांनी. हा फरक डॉक्टरांनीच ठरवावा, शेजाऱ्यांनी नव्हे.

चिंतेवरच्या अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांचे प्रकरण आणखी नाजूक आहे. रोजची सवय झाल्यावर त्या अचानक सोडल्या तर फिट येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून तर अल्प्राझोलाम व डायझेपाम यांच्या विक्रीची नोंद १ मार्च २०१४ पासून दुकानदाराला वेगळ्या वहीत ठेवावी लागते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला डॉ. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात केवळ अशा गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला. त्यांची रीत एकच, रुग्णाला झेपेल तितक्याच गतीने उतरायचे. कित्येकांना महिनोन्‌महिने लागत.

नैराश्याच्या गोळ्यांबाबत २०१९ साली हॉरोविट्झ आणि टेलर या डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट केली. लहान डोसचाही मेंदूवर मोठा परिणाम असतो. वीस मिलिग्रॅमवरून दहावर येणे त्यामानाने सोपे. पाचवरून एकदम शून्यावर आले की पाय घसरतो. म्हणून शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान हव्यात. खंडाळ्याचा घाट उतरणारी गाडी पायथ्यापर्यंत ब्रेक लावूनच येते, तसे हे आहे. एक दिवसाआड गोळी घेण्याचा घरगुती उपाय मात्र नको. त्याने रक्तातले प्रमाण वरखाली होत राहते.

काही मंडळी म्हणतात, ध्यान करतो, मग गोळी कशाला? ध्यानाला आमचा विरोध कसा असेल? पण विपश्यना शिबिराच्या अर्जातही आजार आणि चालू औषधे लिहावी लागतात. ती लपवून बसू नये.

बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवायला सांगतात. त्यानंतर कमी करायचे ठरले तर परीक्षेचा महिना, घरातले लग्न, नोकरीतला बदल असा काळ टाळावा. रोजची झोप आणि त्रास वहीत लिहावा, घरातल्या एकाला तरी सांगून ठेवावे. त्रास वाढला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच्या डोसवर परत जाता येते. त्यात हरण्यासारखे काही नाही. पुण्याला लगेच जाणे जमत नसेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते.